गाईच्या डॉक्टरचा नायट्रोजन आणि तीस रुपयांची आयसी : इंटरफेसचा खडबडीतपणा घरी मोजायच्या नोंदी

२८ नोव्हेंबर

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे भरकटलो तर कळेल.

मॉसफेट म्हणजे गेटच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर. त्यात इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या पोटातून जात नाहीत, अगदी वरच्या कातडीतून जातात, वरच्या ऑक्साईडच्या इन्सुलेटर थराला अंग घासत. पुस्तकातल्या आकृतीत ती सिलिकॉन आणि ऑक्साईडची हद्द, म्हणजे इंटरफेस, फूटपट्टीने मारलेली असते, प्रत्यक्षात तिला अणू-दोन अणूंचे चढउतार असतात. गेटला व्होल्टेज वाढवत नेलं की इलेक्ट्रॉन त्या हद्दीवर जास्त जास्त दाबले जातात आणि त्या चढउतारांवर आपटून आपटून दिशा बदलतात. खोलीच्या तापमानाला हे वेगळं दिसत नाही कारण सिलिकॉनच्या अणूंची स्वतःची थरथर त्यांना त्याहून जास्त धक्के देत असते. थंड केलं की थरथर बसते, खडबडीतपणा मात्र जिथल्या तिथे. म्हणजे मॉसफेट गार करायचा, गेट वाढवायचं आणि बघायचं. एवढंच काम.

हे लॅबमध्ये लाखो रुपयांच्या सामानावर करतात ते माहितीये. मला ते घरी, टेबलावर, दोन-तीन हजारांत करायचंय. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, आमच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप आहे पण तो कपाटात आहे आणि कपाटाची चावी निवृत्त झालेल्या सरांबरोबर गेली.

१ डिसेंबर

आयसी ठरली, सीडी४००७. आत तीन एन (इलेक्ट्रॉनवाले) आणि तीन पी असे सहा मॉसफेट, एन-पी जोडीला गेट एक, पाय बाहेर काढलेले, बल्कही (खालचं सिलिकॉन) हाताशी. बाजारात मिळणाऱ्या पॉवर मॉसफेटचा उपयोग नाही, त्यात करंट उभा खालून वर जातो आणि चॅनलच्या (इलेक्ट्रॉनच्या वाटेच्या) रेझिस्टन्सबरोबर बाकीचाच रेझिस्टन्स मोजला जातो. सीडी४००७ म्हातारी आहे, ऑक्साईड जाड आहे, पण आडवी आहे आणि पंधरा व्होल्ट सहज झेलते.

आधी ऑनलाईन पाच मागवल्या, त्यातल्या दोघींवरचं नाव ॲसिटोनच्या बोळ्याने पुसलं गेलं आणि खालून भलतंच नाव निघालं. फेकल्या. पुण्याला जायचंच होतं म्हणून तपकीर गल्लीतून सहा आणल्या, तीस रुपयाला एक.

५ डिसेंबर

पहिली चूक. ज्याला हे करायचंय त्याने एवढं तरी वाचाच.

सात नंबरचा पाय ग्राउंड (सोर्स, जिथून इलेक्ट्रॉन निघतात), सहा गेट, आठ ड्रेन (जिथे ते पोचतात). एवढ्यावर एक एन मॉसफेट तयार होतो म्हणून मी चौदा नंबर मोकळा सोडला, मला पी वाले वापरायचेच नव्हते ना. गेटला करंट नसतो हे पोरांना दरवर्षी शिकवतो आणि इथे माझा पोटेन्शियोमीटर गेटला जोडला की व्होल्टेज खाली बसायचं. संध्याकाळभर पोटेन्शियोमीटर बदलले. तीन बदलले! शेवटी कळलं की प्रत्येक गेटला आत संरक्षणाचे डायोड आहेत, त्यातला एक चौदा नंबरकडे जातो, त्यामुळे मी गेटमधूनच अख्ख्या आयसीला सप्लाय देत होतो. चौदा नंबर पंधरा व्होल्टला बांधला, बाकीचे दोन गेट म्हणजे तीन आणि दहा ग्राउंडला बांधले, लगेच शहाणी झाली.

तीन तास आणि एक आयसी गेली (ती गेली ती नंतर मी रागात उलटी बसवली म्हणून).

८ डिसेंबर, रविवार

खोलीच्या तापमानाचं पहिलं वाचन. ड्रेनला ५० मिलिव्होल्ट, गेट अर्धा अर्धा व्होल्टने पंधरापर्यंत, करंट साध्या पिवळ्या मल्टिमीटरवर २ मिलिअँपच्या रेंजला. थ्रेशोल्ड, म्हणजे मॉसफेट चालू व्हायला लागतो ते गेट व्होल्टेज, साधारण १.४ व्होल्ट. ग्राफ आधी सरळ चढतो मग वाकतो. पुस्तकात दाखवतात तसाच. खूश.

११ डिसेंबर

लिक्विड नायट्रोजन कुठून आणायचा यावर आठवडाभर डोकं खाजवत होतो, इंडस्ट्रियल गॅसवाला म्हणाला किमान पंचवीस लिटर घ्या आणि भांडं तुमचं. मग दूध आणायला गेलो तेव्हा डेअरीच्या बाहेर गाड्यावर तो ॲल्युमिनियमचा कॅन दिसला आणि कपाळावर हात मारला. गाईंना कृत्रिम रेतन करणारे लोक रोज हा नायट्रोजन घेऊनच गावोगाव फिरतात, सिमेनच्या कांड्या त्यातच बुडवलेल्या असतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सुद्धा उणे १९६ अंश इतक्या सहज मिळतं हे डोळ्यासमोर असून दिसलं नव्हतं.

"डॉक्टर, लिटरभर नायट्रोजन द्याल का?"

"कशाला? गाय घेतली का काय सर?"

"नाही हो, एक आयसी गार करायचीये."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजारी जनावर आहे. पण म्हणाले मंगळवारी मोठी गाडी येते, कॅन भरून झाले की देतो, थर्मास आणा, आणि झाकण घट्ट लावाल तर फुटेल. हे शेवटचं वाक्य ठळक करून वाचा. एक लिटरचा सातशे लिटरच्या आसपास गॅस होतो. झाकणाला भोक हवं किंवा नुसता कापसाचा बोळा. गाडीने नेत असाल तर काचा खाली. चप्पल नको, बूट घाला, आणि कापडी हातमोजे अजिबात नको, ते भिजून हाताला चिकटतात.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्टीलच्या थर्मासमध्ये लिटरभर आणला. आयसी ब्रेडबोर्डसकट बुडवायची असं ठरवलं होतं. नका करू. दोन मिनिटांत ब्रेडबोर्डच्या आतल्या स्प्रिंगा सुटल्यासारख्या झाल्या, करंट मध्येच शून्य मध्येच परत, आणि हुकअप वायरचं पीव्हीसी हलवल्याबरोबर शेवयांसारखं कडाकड तुटलं. सगळा नायट्रोजन उकळून गेला, हाती काही नाही.

२० डिसेंबर

आयसीच्या पायांना थेट इनॅमल वायर सोल्डर केली, मोटार वाइंडिंगवाल्याकडून ०.२ मिलिमीटरची मागून आणली. फुकट दिली. शेजारी एक साधा १एन४१४८ डायोड दोऱ्याने बांधला, थर्मामीटर म्हणून: खोलीत ०.५८ व्होल्ट दाखवतो, बुडवला की एक व्होल्टच्या आसपास जातो आणि तिथे स्थिर झाला की आयसी पण गार झाली समजायचं. त्याआधी वाचन घेऊ नका, बुडबुडे थांबले तरी एखाद-दोन मिनिटं थांबा.

२४ डिसेंबर, मंगळवार

झालं! म्हणजे मला वाटलं झालं.

थंडीत थ्रेशोल्ड १.४ वरून २.० वर सरकला. म्हणून तुलना सरळ गेट व्होल्टेजवर न करता थ्रेशोल्डच्या वर किती व्होल्ट आहोत त्यावर केली (पहिल्यांदा सरळ केली होती, आकडे विचित्र आले, एक तास गेला). थ्रेशोल्डच्या वर एक व्होल्टला थंडीतला करंट खोलीतल्या करंटच्या ३.२ पट. थ्रेशोल्डच्या वर तेरा व्होल्टला फक्त १.६ पट. म्हणजे हलकं दाबलं तर थंडीचा पुरेपूर फायदा, जोरात दाबलं तर फायदा निम्मा गायब. इंटरफेसचा खडबडीतपणा! बायकोला दाखवलं, ती म्हणाली छान, आता टेबल पुसून ठेव. मी रात्री साडेबारापर्यंत ग्राफ सजवत बसलो, शीर्षक सुद्धा दिलं.

२५ डिसेंबर

शीर्षक खोडलं.

सकाळी चहा घेताना डोक्यात आलं की हा पिवळा मीटर करंट मोजतो कसा. आत एक रेझिस्टर असतो आणि त्यावर २०० मिलिव्होल्ट पडले की पूर्ण स्केल. २ मिलिअँपच्या रेंजला २०० मिलिव्होल्ट, म्हणजे आत १०० ओहम बसलेत. आणि माझा मॉसफेट थंडीत पूर्ण चालू असताना स्वतः किती ओहमचा? हिशोब केला तर ७०.

म्हणजे ५० मिलिव्होल्ट दिले त्यातले २९ मीटर गिळत होता आणि मॉसफेटच्या वाट्याला २१. खोलीच्या तापमानाला मॉसफेट १७७ ओहमचा, तिथे मीटर कमी खायचा. जितका मॉसफेट चांगला तितका मीटरचा वाटा मोठा, आणि त्याचा परिणाम अगदी हुबेहूब इंटरफेसच्या परिणामासारखा दिसतो: गेट वाढवा, करंट वाढायचा थांबतो. मी रात्रभर जो ग्राफ सजवला तो निम्मा तरी मल्टिमीटरच्या पोटातल्या रेझिस्टरचा होता.

इथे थांबून सांगतो, कारण हीच या कामातली खरी मेख आहे. सिरीजमध्ये आलेला कुठलाही रेझिस्टन्स, मग तो मीटरचा असो, वायरचा असो की आयसीच्या आत सोर्स-ड्रेनचा असो, खडबडीत इंटरफेसचं सोंग घेतो. दोघंही जास्त गेट व्होल्टेजलाच त्रास देतात. दोघांना वेगळं काढता आलं तर तुमच्याकडे मोजमाप आहे, नाहीतर तुमच्याकडे वायर आहे.

२९ डिसेंबर

नवी जोडणी. मीटर बाद. ४७ ओहमचा एक टक्क्यावाला रेझिस्टर सोर्सच्या बाजूला न टाकता ड्रेनच्या वाटेत टाकला, त्यावरचं व्होल्टेज मोजून करंट काढायचा. मॉसफेटवरचं खरं व्होल्टेज मोजायला सात आणि आठ नंबरच्या पायांवर वेगळ्या दोन वायरी सोल्डर केल्या ज्यातून करंट जात नाही. दोन्ही व्होल्टेज मोजायला एडीएस१११५ चं मॉड्यूल (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप), त्यात दोन डिफरन्शियल जोड्या मिळतात, सगळ्यात बारीक रेंजला एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. मागे आर्डुइनो नॅनो बोर्ड, माझ्याकडे पडलेला होता. मग करंट भागिले खरं व्होल्टेज म्हणजे कंडक्टन्स, त्यात ४७ ओहम काय खातोय याची फिकीरच नको.

सप्लायला आधी लॅपटॉपचा जुना चार्जर आणि एलएम३१७ रेग्युलेटर होता, त्याची घरघर वाचनात यायची. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लावल्या. शिवाय आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, तोही प्रश्न मिटला. गेटला दहा फेऱ्यांचा पोटेन्शियोमीटर, हाताने फिरवायचा. आळस केलाय, पण साठ वाचनं हाताने होतात.

३१ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी न विचारता थर्मास भरून दिला. पैसे घेत नाहीत, चहा घेतात.

नवे आकडे: एक व्होल्टला ३.७ पट, तेरा व्होल्टला २.५ पट. फरक उरला पण आधीपेक्षा खूप कमी. आणि यातही आयसीच्या आतला सोर्स-ड्रेनचा रेझिस्टन्स आहेच, त्याच्यापर्यंत माझ्या वायरी पोचत नाहीत. म्हणून अजून काही म्हणायचं नाही असं स्वतःला बजावलं.

एक त्रास. बाहेर काढली की आयसीवर दव धरतं, बर्फ होतो, मग पाणी. तशीच खोलीच्या तापमानाची वाचनं घेतली तर पायांमधून गळती, थ्रेशोल्डच्या खाली सुद्धा करंट. हेअर ड्रायरने वाळवली, अर्धा तास ठेवली, मग ठीक.

४ जानेवारी

आज सोल्डरिंग नाही, कागद-पेन.

१९५५ मध्ये श्रिफरने (तोच, पुढे सुपरकंडक्टिव्हिटीला नोबेल मिळालेला) सांगितलं होतं की पृष्ठभागाला चिकटून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची मोबिलिटी, म्हणजे ते किती सहज पळतात ते, घटायला हवी. चालणारा मॉसफेट बनायच्या आधीची गोष्ट. मला पाहिजे ती युक्ती मात्र १९८८ ची, ग्रेनोबलच्या गिबॉदोंची. करंटला ट्रान्सकंडक्टन्सच्या (गेट व्होल्टेजबरोबर करंट ज्या दराने वाढतो त्याच्या) वर्गमुळाने भागायचं. येणाऱ्या राशीला वाय म्हणतात.

गंमत अशी. मोबिलिटी गेट व्होल्टेजबरोबर दोन प्रकारे घटते असं धरा, एक तुकडा व्होल्टेजच्या पहिल्या घाताने आणि एक वर्गाने. सिरीज रेझिस्टन्स नेमका पहिल्या तुकड्यात जाऊन बसतो. आणि वाय काढला की तो पहिला तुकडा पूर्ण कटतो! मी तीनदा करून बघितलं, खरंच कटतो. उरतो फक्त वर्गाचा तुकडा, आणि तो असेल तर वायची रेघ सरळ न राहता वर वाकते. खडबडीतपणाचा मार दाबाच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुसऱ्या तुकड्यात येतो. म्हणजे सरळ रेघ आली तर माझ्याकडे नुसती वायर, वर वाकली तर इंटरफेस. इतका स्वच्छ निकाल मला परीक्षेत सुद्धा लावता येत नाही.

५ जानेवारी

ट्रान्सकंडक्टन्स म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे नॉइजचा उत्सव. ३१ तारखेच्या डेटावर वाय काढला तर करवतीचे दात आले. शेवटच्या टोकाला एका पायरीत कंडक्टन्स एक टक्का सुद्धा बदलत नाही, त्यात माझी अर्धा टक्का धडधड. मग: एडीएस सगळ्यात सावकाश म्हणजे सेकंदाला आठ वाचनं, प्रत्येक गेट व्होल्टेजला बत्तीस वाचनांची सरासरी, पायरी पाव व्होल्टची, आणि डेरिव्हेटिव्ह दोन शेजारच्या बिंदूंवरून न काढता सात बिंदूंमधून छोटा पॅराबोला बसवून त्याचा उतार घ्यायचा. खोलीच्या तापमानाला करून बघितलं. रेघ सरळ, एका टक्क्याच्या आत. सुटकेचा निःश्वास वगैरे.

यात एका फेरीला पाऊण तास जातो. लिटरभर नायट्रोजन माझ्या थर्मासमध्ये तोंडाला थर्माकोल लावून तीन तास टिकतो, म्हणजे दोन फेऱ्या आरामात.

७ जानेवारी, मंगळवार

वाकली.

थंडीत, थ्रेशोल्डच्या वर दोन ते सहा व्होल्टमधल्या बिंदूंमधून सरळ रेघ मारली आणि पुढे वाढवली. आठपर्यंत बिंदू रेघेवर बसतात, दहाला वर उठतात, तेराला आठ टक्के वर. पोटेन्शियोमीटर फिरवताना लॅपटॉपवर एकेक बिंदू उमटत होता आणि मी मनातल्या मनात रेघ धरून बसलो होतो, दहाच्या पुढे प्रत्येक बिंदू त्या रेघेपासून थोडा थोडा सुटत गेला. उलट्या दिशेने परत आलो, पंधरावरून खाली, तीच वाट. तेव्हा खुर्चीला पाठ टेकली.

८ ते १२ जानेवारी

विश्वास बसत नव्हता म्हणून मुद्दाम खोटं करायचा प्रयत्न. खोलीच्या तापमानाला मॉसफेटच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घातला आणि मोजायच्या वायरी त्याच्या बाहेर लावल्या, म्हणजे २४ तारखेची चूक जाणूनबुजून परत केली. साध्या ग्राफचा माथा लगेच चपटा झाला, अगदी त्या रात्रीसारखा. वाय मात्र जागचा हलला नाही, सरळच्या सरळ. हे एक वाचन बाकी सगळ्यांपेक्षा मला मोलाचं वाटतं, करणाऱ्याने हे चुकवू नये, यासाठी नायट्रोजन पण लागत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दोन वेगळ्या आयसी, आधीची धरून तीन. वाक ६, ८ आणि ९ टक्के. आकडे सारखे नाहीत पण तिन्ही वर वाकतात, खोलीत तिन्ही सरळ. डॉक्टरांना तिळगूळ दिला, त्यांनी थर्मास भरून दिला.

यातून खड्डे किती नॅनोमीटरचे ते मी काढू शकत नाही, त्यासाठी ऑक्साईडची जाडी आणि चॅनलचा आकार लागतो आणि डेटाशीटमध्ये दोन्ही नाही. चांगल्या इंटरफेसवर चढउतार साधारण ०.२ नॅनोमीटरचे असतात, गुडनिक आणि मंडळींनी १९८५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हद्दीचे फोटो काढून तेवढेच मोजले होते. सिलिकॉनच्या त्या पृष्ठभागावर अणूंची एक पायरीच ०.१४ नॅनोमीटरची असते. म्हणजे जेमतेम दीड पायरी. तेवढ्याने आठ टक्के. ऑक्साईड जाड आहे म्हणून माझा दाब कमीच आहे, आजच्या पातळ ऑक्साईडमध्ये हा मार कितीतरी पटीने जास्त.

थ्रेशोल्डच्या अगदी जवळ उलटी गोष्ट पण दिसते, थंडीत मोबिलिटी आधी थोडी चढते मग उतरते. ते इंटरफेसवर अडकलेल्या चार्जचं काम, इलेक्ट्रॉन वाढले की ते त्याला झाकून टाकतात. माझी तिथली वाचनं पातळ आहेत, त्यावर जास्त बोलत नाही.

१६ जानेवारी

खर्च: आयसी (मेलेल्या आणि बनावट धरून) ३९०, एडीएसचं मॉड्यूल २८०, थर्मास ७५०, पोटेन्शियोमीटर आणि फुटकळ ४१०, बॅटऱ्या २४०. एकूण २०७० रुपये. नॅनो आणि लॅपटॉप घरचे. वेळ सात आठवडे, त्यातले तीन नुसते चुकीच्या मीटरवर आणि ब्रेडबोर्डवर.

पी मॉसफेट राहिलेत. त्यात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) पळतात आणि त्यांचा वाक वेगळा यायला हवा. चौदा नंबर सोर्स, तेरा ड्रेन, गेट वरून खाली आणायचं, म्हणजे एडीएसच्या इनपुटला पंधरा व्होल्ट दिसणार आणि ते मरणार, तर आधी सगळं ग्राउंड उलटं मांडायला लागेल. इनॅमल वायर संपलीये, वाइंडिंगवाला शुक्रवारी उघडतो.